आग्नेय कोपरा

श्याम माझा चुलतभाऊ. जन्म नैरोबीचा, शाळा नैरोबीची, लग्नही नैरोबीतच झालं. मराठी मात्र अस्सल शुक्रवार पेठेतली, आणि तीसुद्धा काका बोटीत बसताना बरोबर घेऊन गेले तेव्हाची. "ताई, बिऱ्हाड पुण्यास हलवायचे ठरवले," असं तो फोनवर म्हणाला आणि मला हसू आवरेना. अरे, पुण्यात आता बिऱ्हाड कुणी हलवत नाही, लोक शिफ्ट होतात.

काका तिकडे रेल्वेत कारकून म्हणून गेले. जन्मभर 'परत जायचंय, परत जायचंय' करत राहिले आणि शेवटी तिकडचेच झाले. श्यामला मूलबाळ नाही. सहासष्टाव्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं की बाबांचं राहिलेलं आपण पुरं करायचं. आधी घर घ्यायचं, मग तिकडचं विकायचं आणि मग निघायचं. घर घ्यायचं कुणी? तर वासंतीताईनं. म्हणजे मी. कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे आलं आणि सत्तरीची मी, गुडघे धरून फ्लॅट बघत हिंडू लागले.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते श्यामकडून शिकावं. "ताई, हवा कशी आहे? पाणी कसे आहे? सिंहगड दिसतो का?" सिंहगडाचं खूळ काकांचं. गॅलरीत उभं राहिलं की किल्ला दिसला पाहिजे, नाहीतर घर नको. आता स्वारगेटजवळ माझ्या घरातून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात, किल्ला कुठून आणू? म्हणून मी सिंहगडाच्या वाटेवरच्या धायरीला गेले.

तिथे संभाजी भेटला. ज्या जमिनीवर त्याच्या घरच्यांनी ज्वारी काढली, तिच्यावरच आता त्यानं तीन विंगांची स्कीम उभी केली होती. नाव काय, तर 'मातृभूमी रेसिडेन्सी'. नाव वाचूनच मी परत फिरायला हवं होतं. पण माणूस मोठा गोड. सी विंगच्या वरच्या मजल्यावर नेऊन गॅलरीचं दार उघडलं आणि म्हणाला, "बघा ताई, किल्ला! पैसं देऊन बी असा दिसायचा नाय."

"पैसे देऊनच दिसणार आहे की," मी म्हटलं.

तो हसला. "आपलीच जमीन हाय ही. आपल्या मान्सांस्नी फशिवनार व्हय?"

जिन्यातून उतरताना प्रत्येक दाराला आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं. पानं पार वाळून कडकडीत झालेली. मला बरं वाटलं. म्हटलं, वास्तुशांत करणारी माणसं आहेत, शेजार चांगला मिळेल. विचारलं, "राहतं कोण इथे?"

"ह्या विंगला समदे फॉरेनचे. कुलूप लावून गेल्यात. रिटायर झाले की येत्यात." वर आणखी म्हणाला, "लय शांतता हाय."

शांतता होती खरी. आमच्या चपलांचा आवाज खालपर्यंत जात होता आणि कुठल्याही दाराआड कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही, कुणाच्या खाकरण्याची खूण नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी तो झटकून टाकला. कानाशी कायम रिक्षा आणि एसट्या, त्यामुळे आपल्याला शांतता सोसत नाही, असं मीच मला समजावलं.

नोंदणी रीतसर झाली. अंगठे, फोटो, सह्या सगळं. श्यामनं तिकडचं घर विकलं, सामान बोटीत चढवलं आणि उल्काला घेऊन आला. विमानतळावर तो माझ्या पाया पडला, तेही वाकून, पूर्ण. उल्का मला 'वन्सं' म्हणाली. इकडे माझ्या सख्ख्या भावजयीनं हा शब्द कधी उच्चारला नाही. मला भरून आलं. गॅलरीत गेल्यावर श्याम किल्ल्याकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला. "बाबा, आलो हो," एवढंच म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आठवड्यानं वास्तुशांत ठरली. मार्केट यार्डातून फुलं आणि केळीचे खुंट मी स्वतः आणले, गुरुजी आमच्या नेहमीचेच. होम झाला, घर धुरानं भरलं. श्याम सोवळं नेसून इतका आनंदात होता की प्रत्येक मंत्राला मान डोलवत होता. शेवटी वास्तुपुरुष निक्षेपाची वेळ आली. जुन्या घरात जमीन खणायची सोय असते. फ्लॅटमध्ये काय करतात, तर आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी काढतात, खाली चार बोटं खड्डा करतात आणि वास्तुपुरुषाची प्रतिमा त्यात पालथी निजवून वरून फरशी परत बसवतात. मग ते घर तुमचं. आमचा आग्नेय कोपरा ओट्याखाली येत होता.

गवंड्यानं फरशीवर छिन्नी ठेवून हातोडी मारली. आवाज पोकळ आला. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "काढा."

फरशी अगदी सहज निघाली. खाली खड्डा तयारच होता. चारी बाजूंनी विटा नीट लावलेल्या, आत वाळलेलं शेवाळ, काळं पडलेलं धान्य आणि मधोमध चांदीची एक प्रतिमा, पालथी.

होमातलं लाकूड तडतडलं तेवढंच. गुरुजींनी हात मागे घेतला. "ताई," ते हळूच म्हणाले, "इथे आधीच कुणीतरी निजलंय."

"म्हणजे?" श्यामनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणजे ही वास्तू दुसऱ्या कुणाची आहे. हा एकदा ठेवला की हलवत नाहीत. ह्याच्या उरावर दुसरा मी ठेवणार नाही."

उल्काच्या हातात आमची प्रतिमा होती. तिनं ती पदरात लपवली. कुणी हिसकावून नेईल की काय, असं तिला वाटलं असावं. माझ्या पायाखालची वाळू सरकली. एवढी शहाणी मी, चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा ओळखल्या, आणि ह्या बाबानं माझ्या तोंडाला पानं पुसली!

जेवणाच्या वेळेला संभाजी आला. बोलावणं मीच दिलं होतं. मी त्याला सरळ ओट्यापाशी नेलं. त्यानं खड्ड्यात पाहिलं, चेहरा जराही हलला नाही. "एखांद्या मजुरानं ठिवलं आसंल," म्हणाला.

"मजूर चांदीचा वास्तुपुरुष विधिपूर्वक पुरतो? मला काय दुधखुळी समजलास? कुणाचं घर आहे हे?"

तो आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, कागद तुमचा पक्का हाय. सरकारात नोंद हाय. आधीच्यांचा नुसता साधा करार हुता. पूजा करून गेले, ते चार वर्सं फिरकले नायत. तुमी राहा बिनघोर. फकस्त एक करा, घर मोकळं टाकून भायेर जाऊ नका. कब्जा ज्याचा त्याचं घर." आणि पानावर बसून शांतपणे जेवला. जिलबी दोनदा घेतली.

तो गेल्यावर मी जिन्यात आले. एकेक मजला उतरत सगळी दारं पाहिली. मघाशी सांगितलं ना, तोरणं वाळून कडकडीत झालेली. पण त्या तोरणांखालची कुलपं? सगळी एकाच कंपनीची, सगळी नवी कोरी. ह्या माणसानं अख्ख्या विंगेची कुलपं बदलली होती. कोण कुठल्या देशात बसून म्हातारपणाची वाट बघत असेल, आणि इथे त्यांच्या दारांच्या किल्ल्या दुसऱ्यालाच दिल्या जात होत्या.

मी तडक सुनीतीकडे गेले. ती माझी विद्यार्थिनी, आता वकील. तिनं कागद पाहिले. "बाई, कायद्यानं तुमचा भाऊ वरचढ आहे. त्याची नोंदणी झालीय, त्यांची नाही. पण पोलिसांत तक्रार केलीत तर फ्लॅटला सील लागू शकतं. मग कोर्ट. किती वर्षं, ते विचारू नका."

"मग त्या आधीच्या माणसांचं काय?"

"त्यांनी बघावं," ती म्हणाली. मी शिकवलेलीच मुलगी.

तक्रार करायचीच, असं मी श्यामकडे परत येऊन सांगितलं. माझा स्वभावच तसा, खपवून घेणं मला जमत नाही. उल्का उठली आणि मी नको नको म्हणत असताना तिनं माझे पाय धरले. "वन्सं, सील लागलं तर आम्ही कुठे जावं? परत जायला तिकडे आता घर नाही आमचं." मी तिला उठवलं आणि गप्प बसले. चूक की बरोबर, देव जाणे. पण बसले.

त्याच संध्याकाळी श्यामनं ती फरशी स्वतःच परत बसवली. आमचा वास्तुपुरुष कपाटात, साड्यांच्या घडीत राहिला.

तेव्हापासून माझा भाऊ बदलत गेला. दोघं मिळून कधी बाहेर पडेनात. उल्का भाजीला गेली की हा घरात, हा बँकेत गेला की ती घरात. माझ्याकडे गणपतीला बोलावलं तर एकटी उल्का आली आणि आरती संपायच्या आत निघाली. त्यानं दाराला आतून आणखी एक कडी बसवून घेतली, वरच्या बाजूला, जाडजूड. किल्ला बघायला म्हणून गॅलरीत जायचा, तर आता फाटकातून कोण आत येतंय ते बघत उभा राहायचा. लिफ्टचा आवाज आला की बोलता बोलता थांबायचा. मी डबा घेऊन गेले की दाराआडून विचारायचा, "ताई, एकटी आहेस ना?" मी ओरडायचे, "नाही, वाजंत्री घेऊन आलेय! उघड मेल्या, हात भाजतोय!" मग दोन्ही कड्या निघायच्या. आधी हसायचा. पुढे पुढे हसणं बंद झालं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी पुरणपोळ्या घेऊन दुपारी गेले. लिफ्टमधून बाहेर पडले आणि जागीच थबकले.

श्यामच्या दारासमोर दोन मोठ्या बॅगा होत्या. एका बॅगेवर एक म्हातारी बसली होती, साडी नीटनेटकी, पाय सुजलेले. तिचा नवरा वाकून कुलपात किल्ली घालत होता. किल्ली जाईना. तो ती काढायचा, रुमालानं पुसायचा, परत घालायचा.

मला पाहून त्यानं हात जोडले. "नमस्कार. आम्ही मॉरिशसहून आलो आहोत. हे आमचे घर आहे. परंतु किल्ली चालत नाही." एकेक शब्द पुस्तकातून उचलून समोर ठेवल्यासारखा. तिकडे कुठल्या रविवारच्या वर्गात शिकला असेल, कोण जाणे. "माझे पणजोबा ऊस तोडण्यासाठी तिकडे गेले. आमच्या कुटुंबातून परत येणारे आम्ही पहिले."

म्हातारी कौतुकानं त्याच्याकडे बघत होती. "आम्ही पूजा केली," ती मला सांगू लागली, "तिथे, स्वयंपाकघरात." आणि बंद दाराकडे बोट दाखवलं.

मी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्या माणसानं नम्रपणे विचारलं, "आपण येथेच राहता का? आत कोणी असावे. दाराखालून दिवा दिसतो."

तेवढ्यात दाराखालच्या फटीत सावली हलली. माझ्या डब्याची वाट बघत असणार. आतून श्यामचा आवाज आला, अगदी हळू.

"ताई, एकटी आहेस ना?"

'हो' म्हटलं असतं तर दार उघडलं असतं, आणि ही दोघं समोर उभी राहिली असती. 'कुणीतरी भलतंच आलंय' म्हटलं असतं तर दार बंद राहिलं असतं, आणि माझा भाऊ सुखरूप राहिला असता. काकांची शपथ, तेच म्हणायचं माझ्या मनात होतं. पण म्हातारी माझ्याकडे बघून हसली. सासरी पहिल्यांदा आलेली नवरी जशी शेजारणीकडे बघून हसते, तशी.

"नाही रे श्याम," मी म्हटलं. "घराचे मालक आलेत."

आतून वरची कडी सरकल्याचा आवाज आला. ती उघडली नव्हती, आणखी पक्की केली होती. त्यामागोमाग काहीतरी जड फरशीवरून घासत दारापर्यंत ओढत आणल्याचा आवाज आला, आणि उल्काचं रडणं.

म्हातारी बॅगेवरून उठून उभी राहिली. नवऱ्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली होती. त्यानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत कोण आहे?" त्यानं विचारलं.

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं. "तोही परत आलाय."