गालिच्यातली खिळी

इरजनं बूट काढून पाय आत टाकला तो थेट गार फरशीवर. हातावरची संगक रोटी अजून वाफाळत होती. त्यानं खाली पाहिलं. तांबडा गालिचा जागेवर नव्हता, आणि जेवणाच्या टेबलाखाली नुसत्या फरश्या चकाकत होत्या.

“मोनीर! गालिचा कुठाय?”

“धुवायला गेला,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “बरं झालं तू घरी नव्हतास. त्या माणसांना उचलायचं कसं, गुंडाळायचं कसं, सगळं शिकवत बसला असतास.”

“टेबलाखाली एक ग्लास होता. उपडा.”

“होता. धुऊन ठेवला.”

इरज रोटीसकट खुर्चीवर बसला. काल रात्री प्लॅस्टिकच्या छोट्या पुलाच्या बिजागरीची खिळी त्याच्या चिमट्यातून उडाली होती. तांदळाच्या दाण्याहून बारीक, गालिच्याच्याच रंगाची. शोधून डोळे दुखायला लागले तेव्हा ती जिथं पडली असावी तिथं त्यानं चहाचा ग्लास उपडा घालून ठेवला होता. सकाळी उजेडात बघू म्हणून.

“अगं, ती खूण होती!”

“जमिनीवर उपडा ग्लास ही खूण असते होय?” हात पुसत मोनीर दारात आली. “मला वाटलं, तू आता चहाही टेबलाखाली बसून प्यायला लागलास.”

खिडकीपाशी तिची आई कोथिंबीर निवडत बसली होती. सगळं घर तिला अझीझ म्हणे. “आगा इरज,” ती मान न उचलता म्हणाली, “माझे दात हरवले तेव्हा एवढी धावपळ केली नव्हतीत.”

टेबलावर सुटे तुकडे जोडून करायचा प्लॅस्टिकचा रणगाडा होता. तोही साधासुधा नव्हे, पूल टाकणारा. तोफेच्या जागी पाठीवर घडीचा पूल घेऊन चालणारा आणि खंदक आला की तो उलगडून पुढे टाकणारा. उलगडला की दीड हात लांब. मेहुण्यानं परदेशाहून कपड्यांच्या घड्यांत लपवून आणलेल्या त्या खोक्यात सातशेच्या वर सुटे तुकडे होते. त्यातले चारशे तर चाकांवरच्या पट्ट्यांच्या कड्याच. इरज रेल्वेच्या आराखडा विभागातून निवृत्त झाल्यापासून त्याला चिकटला होता, आणि जेवणाचं टेबल दोन वर्षं जेवणाला मिळालं नव्हतं. याआधीची सगळी खोकी अर्धवट अवस्थेत कपाटावर जाऊन बसली होती. हा मात्र पुरा करायचाच, असं त्यानं चारचौघांत जाहीर करून टाकलं होतं, आणि चारचौघांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

मोनीरला रणगाड्याचं काही वाटत नव्हतं. तिला एकच क्षण हवा होता. नवरोजला वर्ष पालटतं त्या घटकेला माणूस जे करत असेल तेच वर्षभर करत राहतो, असं तिच्या माहेरी मानत, आणि तीही मानत होती. गेली कित्येक वर्षं ती घटका आली की फारसीत ‘स’नं सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडलेल्या चादरीपाशी ती आणि अझीझ बसलेल्या असत, आणि इरज पाठ फिरवून काहीतरी चिकटवत असे. टीव्हीवर नव्या वर्षाची तोफ ऐकू आली की बोटं पुसत येई. आणि मग खरोखरच वर्षभर तसंच चाले.

“यंदा टेबल मला दे,” तिनं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. “त्यावर मांडणी करीन. आणि वर्ष बदलेल तेव्हा तू माझ्याशेजारी बसलेला असशील. हात स्वच्छ धुऊन. एवढंच मागते.”

“त्याच्या आत संपवतोच,” इरज म्हणाला होता. आणि आता खिळीच गेली होती.

गालिचे धुण्याचा कारखाना ‘रे’ नावाच्या गावाच्या पलीकडे होता. इरज मेट्रोनं गेला आणि पुढं टॅक्सीनं. नवरोजच्या आधीचे दिवस. आवारात गालिच्यांचे डोंगर, सगळीकडे साबणाचा फेस, आणि रबरी बूट घातलेले गडी लांब दांड्याच्या ब्रशांनी रंगीत फुलं घासत होते. मालक करामत दंडाइतक्या जाड मिशांखालून हसला.

“काय हरवलं, साहेब? अंगठी?”

“खिळी. प्लॅस्टिकची. एवढीशी.”

“कशाची?”

इरजनं आवाज खाली आणला. “पुलाची.”

“कुठल्या पुलाची?”

“रणगाड्यावरच्या.”

घासणारे ब्रश थांबले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं आवार हसत सुटलं. इरजला राग यायला हवा होता, पण त्यालाही हसू फुटलं. “हसू नका,” तो म्हणाला, “लष्करात दोन वर्षं मी हाच चालवला. पूल पाठीवर घेऊन वाळवंटभर हिंडलो. टाकला मात्र एकदाही नाही. आम्ही पोचायच्या आत एक तर ओढा आटायचा, नाहीतर हुकूम फिरायचा.”

“म्हणजे आता घरी टाकताय,” करामत म्हणाला. “टाका, टाका. अहमद, गालिचा काढ रे!”

पण गालिचा धूळ झाडायच्या पिंपातून कधीच फिरून आला होता. पिंपाखालचा कचरा चाळणीतून काढून ठेवलेला एक पत्र्याचा डबा करामतनं समोर आणला. त्यात कानातली होती, दुधाचा दात होता, बुद्धिबळातलं प्यादं होतं. तिघे गडी इरजबरोबर उकिडवे बसून बोटानं चाळू लागले. एकाला डाळिंबाची बी सापडली, दुसऱ्याला बाहुलीचा बूट. “हे का, काका? हे का?” असं चाललं होतं. खिळी काही सापडली नाही. करामतनं त्याला चहा पाजला आणि गालिचा सणाच्या आत नक्की पोचवतो म्हणून छातीवर हात ठेवला.

घरी येऊन इरजनं कोट न काढताच टेबल आवरायला घेतलं. रणगाडा खोक्यात ठेवला, त्यावर पुलाचे दोन्ही अर्धे कागदात गुंडाळून ठेवले आणि झाकण लावून खोकं कपाटावर चढवलं. मग ओल्या फडक्यानं टेबल पुसून काढलं, अगदी कोपऱ्यांसकट.

“घे,” तो म्हणाला. “तुझं टेबल.”

मोनीरनं मान डोलावली. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. तरी संध्याकाळी कांदा चिरताना ती दोनदा थांबली, आणि अझीझनं दोन्ही वेळा तिच्याकडे पाहिलं.

करामतनं शब्द पाळला नाही. सण उजाडला तरी फरशी उघडीच होती. पण टेबलावर मांडणी अशी झाली की अझीझसुद्धा नावं ठेवायला जागा शोधत राहिली: हिरवीगार गव्हाची रोपं, सफरचंदं, लसूण, सिरका, आरसा, काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे. आत मासा-भाताचा वास दरवळत होता. टीव्हीवर कुणीतरी गोड आवाजात शुभेच्छा देत होतं आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं.

“इरज, ये.”

पहिल्याच हाकेला तो आला. दाढी केलेली, पांढरा शर्ट, कोट. नखंसुद्धा घासलेली. तो तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघू लागला.

मोनीरनं त्याच्याकडे पाहिलं. तो हसला, शहाण्यासारखा. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघणारा माणूस हसतो तसा. तिनं पुन्हा आरशात पाहिलं तर आरशातही तो तसाच बसला होता. टीव्हीवर पंधरा मिनिटं उरली होती.

“अझीझ-जान,” ती हळूच म्हणाली, “हा असाच राहणार का गं वर्षभर?”

“तूच मागितलास,” अझीझ म्हणाली. “आता घे.”

मोनीर उठली. नव्या झग्याचा घोळ एका हातात धरून स्टुलावर चढली आणि कपाटावरचं खोकं खाली काढलं. लसूण आणि सिरका एका बाजूला सारले आणि खोकं मधोमध ठेवलं. मग केसांच्या अंबाड्यातून एक काळी पिन ओढून काढली आणि इरजसमोर धरली.

“ही चालेल?”

इरजनं पिन उजेडात धरून फिरवली. चष्मा कपाळावर सारला, परत खाली घेतला. “जाड आहे जरा.”

“तुझा पूल काय हलका आहे?”

“हा धातू आहे, मोनीर. साधा गोंद धरणार नाही. दोन नळ्यांचा लागेल, मिसळून.” त्याचा आवाजच बदलला होता. “आणि तो वाळेपर्यंत दोन्ही अर्धे एकाच कोनात धरून ठेवायला लागतात. म्हणून तर इतके दिवस अडलोय. चिमटे लावून पाहिले, तुझं पाककृतीचं पुस्तक टेकू लावून पाहिलं. घसरतातच. त्याला चार हात पाहिजेत.”

“मग दोन वर्षांत एकदा तरी हाक मारायचीस.”

“तू म्हणाली होतीस, या कचऱ्याला हात लावणार नाही.”

“म्हणाले होते,” मोनीरनं बाह्या वर सारल्या. “कुठं धरू?”

पिन तोडली, घासली, बसवली. माशांच्या भांड्याशेजारी पावाच्या ताटलीत गोंद मिसळला गेला. “लसूण सांभाळा,” अझीझ खुर्चीतून बजावत होती, “मासे मारू नका. सणाच्या दिवशी मेलेले मासे मी बघणार नाही.” मोनीरनं पुढचा अर्धा दोन्ही हातांत धरला, इरजनं मागचा. पूल अर्धवट उघडलेला, हवेत.

“जरा वर,” इरज म्हणाला. “वर नाही, वर. तुझ्याकडे.”

“माझ्याकडे म्हणजे खाली!”

“बरं, खाली. बस. आता हलू नकोस. श्वास घेतलास तरी चालेल.”

“मोठेच उपकार.”

ती हसायला लागली तर पूल थरथरला आणि इरज ओरडला. तोही हसत होता. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती, आणि कोटाच्या बाहीला गोंद लागला होता, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

टीव्हीवर तोफ झाली. सनई-नगारे वाजू लागले. खालच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या पिटल्या.

दोघं तसेच, पूल धरून. उठून अझीझच्या हाताचं चुंबन घ्यायचं, गालाला गाल लावायचा, हे सगळं करायचं होतं आणि चारही हात गुंतलेले. मोनीरनं केविलवाण्या नजरेनं आईकडे पाहिलं.

अझीझ कुणासाठी खुर्चीतून उठत नसे. लहानांनी तिच्याकडे यायचं, हा तिचा नियम होता. तिनं काठी शोधली, उठली, उघड्या फरशीवर टकटक करत टेबलापाशी आली आणि आधी जावयाच्या, मग लेकीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. हरभऱ्याच्या पिठाची एक एक गोड वडी तिनं दोघांच्या तोंडात कोंबली.

“दोघांना मिळून एक काम जमतंय तर,” ती म्हणाली आणि वडीचा उरलेला चुरा बोटांवरून झटकला.

फोन वाजू लागला. शिराझहून इरज-मोनीरच्या मुलीचा असणार. अझीझ काठी टेकत तिकडे निघाली.

“मोनीर,” तोंडातली वडी सांभाळत इरज म्हणाला, “वाळलं असेल आता. सोडलंस तरी चालेल.”

मोनीरनं बिजागरीकडे बारकाईनं पाहिलं. तिचीच पिन होती ती, पण आता ओळखू येत नव्हती.

“राहू दे अजून थोडं,” ती म्हणाली. “घाई कसली आहे?”