उभ्या गाडीची बॅटरी

रोसेलची गाडी दोन-तीन दिवस शेडमध्ये उभी राहिली की सुरूच व्हायची नाही. बॅटरी दोनदा बदलून झाली होती. इलोइलो शहरातल्या त्यांच्या गल्लीत निम्म्या घरांतले पुरुष जहाजांवर नोकरीला, तसा तिचा नवरा एर्विनही. गाडी त्यानंच घेऊन दिलेली. "तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको," म्हणाला होता.

फोनवर मात्र तो मध्येच विचारायचा, "काल मोलोला कशाला गेली होतीस?" शेजारी राहणारी नणंद नेनिता चहाड्या करते, अशी रोसेलची खात्री होती. तिनं नेनिताशी बोलणंच टाकलं. दोघी आपापल्या अंगणात कपडे वाळत घालायच्या, मान वर न करता.

त्या सकाळी गाडी पुन्हा बंद पडली. एका रिक्षावाल्याच्या बॅटरीला वायरी जोडून तिनं ती कशीबशी चालू केली आणि मानोंग पोलोयच्या गॅरेजात नेली. म्हातारा तिच्या वडिलांच्या ओळखीचा; सगळे त्याला मानोंग, म्हणजे दादा, म्हणत.

"बॅटरी चांगली आहे, इंदाय, पोरी," तो म्हणाला. "गाडी बंद असताना आतून कुणीतरी वीज पितंय."

त्यानं बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर लावला आणि गाडी शांत होईपर्यंत तिला बाकावर बसवलं. बराच वेळ गेला तरी आकडा उतरेना. मग आकडा वाचायला तिला मीटरपाशी उभं करून तो एकेक फ्यूज उपटू लागला. रेडिओचा, दिव्यांचा, पंख्याचा.

"उतरला का?"

"नाही."

"आता?"

"तेवढाच आहे, मानोंग."

फ्यूज संपले. "म्हणजे हा पुढच्या दारानं, फ्यूजमधून, आलेलाच नाही," पोलोय पुटपुटला. बॅटरीच्या टोकापासून त्यानं बोट फिरवत नेलं. टेपखाली एक बारीक लाल वायर होती. ती धरून तो स्टिअरिंगखाली उताणा शिरला आणि काडेपेटीएवढी काळी डबी घेऊन बाहेर आला.

"चोरी होऊ नये म्हणून बसवून घेतलीस का गं?"

"मी नाही बसवली."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे. "यात सिम असतं. गाडी कुठं आहे ते फोनवर दिसतं. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये हिला सिग्नल मिळत नसेल, मग सारखी शोधत बसते. त्यात बॅटरी उतरते." लाल वायर चिमटीत धरून तो म्हणाला, "तोडू?"

रोसेलला मोलो आठवलं, तिथलं मैत्रिणीचं घर आठवलं, एर्विनचे सगळे सहज विचारलेले प्रश्न आठवले. डबी बंद पडली तर त्याचा फोन येणार, आणि काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

"नको. परत लावा."

पोलोयनं डबी जागेवर बसवून वायर पुन्हा गुंडाळली.

घरी येऊन ती आधी नेनिताच्या दारात गेली. "एर्विनला तू काही सांगत नव्हतीस," एवढंच म्हणाली.

"मला तो फोन तरी करतो का?" नेनिता म्हणाली. "विचारायचं होतंस एकदा."

"चुकलं माझं."

"फार दिवस लावलेस." नेनिता दारातून बाजूला झाली. "ये. बाचोयचं सूप गरम करते."

एर्विनचा फोन आला तो संध्याकाळी. "आज गॅरेजात होतीस?"

"हो. त्यांना ती डबी सापडली."

पलीकडून जहाजाच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "गाडी चोरीला जाऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"उगाच मनाला लावून घेतलं असतंस. काढू नकोस हं."

"नाही काढली," रोसेल म्हणाली. "पण मी ती गाडी आता चालवणार नाही."

तो रागावला, मग विनवू लागला, मग रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी ती जीपनीनं बाजारात निघाली. दोन्हीकडून माणसं चिकटून बसलेली, गुडघ्यावर कुणाची तरी कोबीची पिशवी. तिला कुणीच बघत नव्हतं. तरी उतरल्यावर मासळी आळीतून जावं की सरळ, हे ठरवताना ती मनातल्या मनात एर्विनला कारण सांगत होती. ते लक्षात आल्यावर ती सांगायची थांबली, आणि पुढच्या वळणावर पुन्हा सांगू लागली.