यादीतलं सतरावं नाव

घाटकोपरच्या एका डॉक्टरने आपले क्षयरोगी सरकारला कळवलेच नव्हते. वर, निकालापर्यंत रुग्णांच्या घरी कुणी जायचं नाही, अशी स्थगितीही मिळवली होती. औषधदुकानांच्या नोंदींवरून बनवलेली रुग्णांची यादी कोर्टात द्यायची होती; ओळख उघड होऊ नये म्हणून सरकारी वकील तेजल तिच्यातली नावं काळ्या मार्करने खोडत होती. सतरावं नाव निघालं रतन गमरे, पत्ता मुलुंडचा, तोच जुना. पंधरा वर्षं तिने त्याला फोन केला नव्हता. आता तर कायद्यानेच करता येणार नव्हता. औषधं घेतोस ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

"मॅडम, किती घोटताय? कागद फाटेल ना!" कारकून श्वेता म्हणाली.

"उद्याचीच तारीख मागून घे गं."

स्थगिती उठली की कुणी आरोग्यसेविका ते दार वाजवेल आणि तेजलचा प्रश्न विचारेल.