टायगरला धरणारा

आमच्या बापाने आम्हाला फोटोत कधी सुखाने उभं राहू दिलं नाही. "छाती बाहेर, मान वर, एक हात खुर्चीच्या पाठीवर!" कारण घरात आजोबांच्या पलटणीचा जुना, डागाळलेला फोटो होता. त्यात मोठ्या साहेबाच्या खुर्चीवर हात टेकून ताठ उभा असलेला शिपाई म्हणजेच आपले वडील, हे बाबांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आजोबा गेले तेव्हा बाबा दीड वर्षाचे. पाठोपाठ आजीही गेली, त्यामुळे बोट ठेवून दाखवणारं कोणी उरलं नाही.

आता बाबांची नजर चालली आहे. डॉक्टर म्हणाले, फार तर दीड महिना.

"तेवढ्यात एकदा त्यांचा चेहरा नीट बघायचाय," बाबा म्हणाले.

मी पडलो फोटोवाला. तीस वर्षं लोकांना मान वर करायला सांगून पोट भरतोय. पलटणीच्या कचेरीला पत्रांवर पत्रं धाडली, तेव्हा कुठे मूळ काचेच्या निगेटिव्हवरून काढलेली स्वच्छ प्रत आली, सोबत यादी.

यादी बघून माझं डोकंच फिरलं. खुर्च्यांवरच्या साहेबांची नावं, हुद्दे, पदकं, सगळं साग्रसंगीत. मागे उभ्या असलेल्यांचे नुसते बिल्ल्यांचे आकडे. आणि कुत्र्याला मात्र नाव!

आजोबांचा पितळी बिल्ला बाबांच्या मुठीत होता. चारशे बारा.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचत गेलो. खुर्चीवर हात ठेवलेला निघाला तीनशे सत्त्याऐंशी. उभ्यांच्या दोन्ही रांगा संपल्या. शेवटची ओळ मी मनातच वाचली. त्या ताठ शिपायालाच चारशे बारा म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटलं, पण त्याचा आकडा आधीच तोंडातून गेला होता.

"पुढे?"

"खाली, जमिनीवर. टायगर. धरणारा, चारशे बारा."

बाबांनी भिंग उचललं. साहेबांच्या बुटांपाशी टायगर ऐटीत बसला होता, मिशीचा केस न् केस स्पष्ट. तो हलू नये म्हणून एक माणूस गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्याला आवळून होता. पूर्ण वाकलेला. टोपी दिसत होती, एक कान दिसत होता. चेहरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तेवढाच भाग चौपट मोठा करून आणला. टोपी चौपट मोठी झाली, एवढंच. इतकी वर्षं या धंद्यात घालवली, पण असे हात टेकायची वेळ कधी आली नव्हती.

बाबा कितीतरी वेळ भिंग पुढे-मागे करत राहिले. मग चाचपडत माझा हात धरला.

"तू फोटोवाला ना रे? सांग की त्यांना. एकदा मान वर करा म्हणावं."