खोक्यातली माझी जागा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना ते विचारू नका. तुमच्या आजोबांचे आजोबासुद्धा माझ्यापुढे कालची पोरं! दिसायला मी लाटण्यासारखा गोल आणि गुळगुळीत, पण अंगात पिवळ्या चकाकत्या शिरा आहेत. ते सोनं नव्हे, तांब्याचं खनिज. मला त्याचाच अभिमान आहे.

जमिनीच्या पोटात खडकाला मोठा तडा गेला आणि एक बाजू खाली घसरली. यालाच प्रस्तरभंग म्हणतात. त्या तड्यातून कढत पाणी चढलं आणि सोबत आणलेलं तांबं माझ्या भेगांत सोडून गेलं. मग युगानुयुगं अंधार. शेवटी चंद्रपूरच्या सागवनाकडेला ड्रिल मशीन आली आणि तिने पोकळ नळीतून मला वर काढलं.

निघालेले दगड धुऊन क्रमाने लाकडी खोक्यात लावायचं काम रंभाबाईंचं. क्रम चुकवणाऱ्याला कामावरून काढीन, असं ठेकेदाराने बजावलं होतं. मशीनवरच्या डोमाने सांगितलं, "पहिला दगड वरच्या खणात." रंभाबाई धान पिकवणाऱ्या. त्यांच्याकडे वरची बांधी म्हणजे चढाकडचं शेत. टेकाडावर ठेवलेल्या खोक्याची एक नंबरची वरची बाजू मात्र उताराकडे होती! त्यांनी चढाकडून खण भरत आणले, आणि सगळ्यांत शेवटी निघालेला मी पहिल्या खणात जाऊन बसलो.

भूगर्भतज्ज्ञ संघप्रिया मॅडमनी खोकं तपासलं. "तांबं पहिल्याच खणात, तड्याच्या वरच संपलं. खाली नुसता कोरा दगड. उद्या मशीन हलवा."

मी हादरलोच. तांबं संपलं नव्हतं, माझ्यापासून सुरू होत होतं! पण मला तोंड कुठे?

रंभाबाई पुढे झाल्या. डोमा कुजबुजला, "गप राय बाई, काम जाईन."

"जाऊ दे. मॅडम, हा दगड त सगळ्यायच्या मागून निंगाला. मी चढाकडून भरत आली. चुकलं माह्यं."

"मंजे तांबं तड्याच्या खाली हाय!" मॅडम हसून त्यांच्याच बोलीत म्हणाल्या. "मशीन इथीच राहीन. अन् रंभाबाईबी."

रंभाबाईंनी लगेच सगळं खोकं नव्याने लावलं आणि मला शेवटच्या खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी निघालेला दगड माझ्या तुटक्या टोकाला बरोब्बर जुळला. त्याच्यात माझ्याहून जास्त तांबं होतं, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो.

आता मी पत्र्याच्या गोदामात असतो. कौतुक सरलं, धूळ साचली. एका साहेबांनी तर मला कागद दाबायला टेबलावर नेलं होतं. महिन्याभराने कसाबसा परत आलो. तेव्हा मित्रांनो, या, मला खुशाल हातात घ्या. पण ठेवताना माझ्याच खणात ठेवा. ती जागा रंभाबाईंनी स्वतःचं काम पणाला लावून मला मिळवून दिली आहे.