कोंबडीला दिलेलं आवतण

माझी कोंबडी गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा शहाणी. चिंगी तिचं नाव. शेजारची पुतळा आणि मी बोलत नव्हतो, तेव्हा माझं सगळं बोलणं तिच्याच कानावर जायचं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी सालची गोष्ट.

बिनसलं ते बोंबलांवरून. मी ओट्यावर वाळत घातले होते, ते पुतळाच्या मनी मांजरीनं ओढून नेले. मी म्हटलं, "मांजर मालकिनीच्या वळनावर गेलीय." झालं! पुतळा अबोला धरून बसली. मी काय कमी? मीही तोंड शिवलं.

पण आमच्या ओट्यांमध्ये कंबरेएवढा कूड, बाकी काही नाही. सकाळी दाणे टाकताना मी म्हणायची, "चिंगे, काही लोकांचं कालवण करपलं वाटतं. नाक झाकून घे."

पलीकडून पुतळा मांजरीला सांगायची, "मने, करपलं तरी मासळी हाय. कुनासारखी डाळ नाय रांधली."

असं चालायचं. तिच्या सुनेला दिवस गेले, माझा गुडघा धरला, खाडीकाठच्या भरावावर नव्या बिल्डिंगी उठल्या, माझ्या दिलीपला तिथे वॉचमनची नोकरी लागली. सगळं एकमेकींना कळत होतं. तरी आम्ही बोलत नाही, हे अख्ख्या करावे गावाला ठाऊक.

मग माझ्या लेकीचं, रखमाचं लग्न शेजारच्या दिवाळे गावात ठरलं आणि पंचाईत झाली. आमच्यात धवलारणीशिवाय लग्न नाही. ती धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा देव मांडवात येतात. आणि तिला नवरीच्या आईनं नारळ घेऊन, तोंडानं बोलवायचं असतं. आमच्या आळीची धवलारीण कोण? पुतळाच!

"आये, मना दुसरी कोन नको," रखमा म्हणाली. "काकीनं नाय गायलं तर मी हळदीला बसनार नाय."

"नको बसू. हळद लावून तरी किती गोरी दिसनार?" असं म्हटलं खरं, पण पोरगी माझ्यावर गेलीय. बोलली म्हणजे बोलली.

दुसऱ्या सकाळी मी घसा खाकरला. "चिंगे, रखमीची हळद हाय बरं. ज्याला गळा हाय त्यानं यावं."

पलीकडे भांडं आपटलं. मग पुतळा म्हणाली, "मने, कोंबडीला आवतन देतात हे पयल्यांदाच ऐकते. धवलारीन मानानं बोलवतात."

त्यानंतर मात्र तिनं मांजरीशीही बोलणं सोडलं. मी तिच्या कालवणाला नावं ठेवली, सुनेच्या वेणीला नावं ठेवली. एक नाही की दोन नाही. अबोला म्हणजे हा, तेव्हा कळलं. घर खायला उठलं.

शेवटी नीट लुगडं नेसले, नारळ घेतला आणि चिंगीला बगलेत मारून निघाले. मी वाकणारी नाही. जे सांगायचं ते कोंबडीला सांगेन.

पुतळा उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर मनी. तिचीही तयारी होतीच म्हणायची.

"चिंगे," मी सुरुवात केली, "यांना सांग..."

तेवढ्यात मनीनं शेपूट फुगवली. चिंगी अशी फडफडली की माझ्या तोंडात पिसं! कोंबडी कौलावर, मांजर परसात, आणि आम्ही दोघी समोरासमोर. मध्ये कोणीच नाही.

हातातला नारळ जड व्हायला लागला.

"पुतळे," मी म्हटलं, "रखमीला तुझाच धवला पायजे."

"रखमीला?"

मेली सोडते काय!

"मनापन," मी म्हटलं.

"आनि मांजर कुनाच्या वळनावर गेली?"

"तिच्या आयच्या. आनखी कुनाच्या?"

पुतळाचे ओठ हलले. हसू आवरत नव्हतं तिला. "बस. चा ठेवते," म्हणाली आणि नारळ ओटीत घेतला.

हळदीला ती अशी गायली, की माझे डोळे भरून आले. सगळ्या देवांना बोलावून झालं आणि बाईसाहेब माझ्याकडे वळल्या:

"मांडवाच्या दारी कोन गो बाय उभी?
कोंबडीशी बोलनारी नवरीची आय उभी!"

सगळा मांडव हसला. मी तिथेच तिला चार शब्द सुनावले, सरळ तोंडावर. किती बरं वाटलं, सांगू!

व्याह्यांच्या जेवणाला कोंबड्या कमी पडत होत्या. दिलीप सुरी घेऊन चिंगीकडे बघायला लागला. मी सुरी हिसकावली.

"तिला हात लावायचा नाय! उद्या पुतळाचं नि माझं परत बिनसलं तर मी बोलू कुनाशी?"

कुडापलीकडून पुतळा ओरडली, "मनीपन ठेवलीय गो मी!"