तिकडंच उरकलं

पंचशीलाबाईंनी वही डोळ्यांजवळ नेली आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली. मग चष्मा काढून त्यांनी मालसोमाकडे पाहिलं.

"हे कोण बोललं?"

"केवळाबाई. मंगळवारी."

"आणि तू काय म्हणालास?"

"हाव."

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मालसोमाला वाटलं, वेलांटी चुकली असावी. त्यानं खिशातून खोडरबर काढलं.

तो मिझोरमचा. वय तेवीस. तिथल्या चर्चच्या मंडळीनं त्याला सुवार्तेच्या कामासाठी निलंग्याला पाठवलं होतं. आठवडाभर सकाळी भाषा शिकायची, दुपारी खेड्यापाड्यांत जाऊन जमेल तेवढं बोलायचं, कानावर पडलेली वाक्यं वहीत उतरवायची आणि रविवारी दहा वाजता लातूरच्या प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर मराठीतून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, असं तिथल्या पास्टरांनी आखून दिलं होतं. पंचशीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "भाषा मन लावून शिकवीन. देवाधर्माचं मात्र माझ्यापाशी काढू नको. ते आमच्या बापानं छप्पन सालीच निकालात काढलंय." आणि वर एक सल्ला दिला होता, "गावात 'हो' म्हणू नको. 'हाव' म्हण. लोक मोकळं बोलतील."

लोक खरंच मोकळं बोलले. इतकं, की त्यातला होकार कुठला आणि नकार कुठला हे त्याला उमगेना. एका दारात "बघू" म्हणाले, दुसऱ्या दारात "या की पुन्हा." एकानं तर येशूचं चित्र हौसेनं मागून घेतलं आणि भिंतीवरच्या सात देवांच्या रांगेत आठवं लावलं. वर चहा पाजला. यावर आनंद मानायचा की नाही, हे मालसोमाला सायंकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

केवळाबाईचं तेवढं बरं चाललंय, अशी त्याची समजूत होती. देवणीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात ती राहायची. मंगळवारी त्याचा चेहरा बघताच तिनं त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि तासभर बोलत राहिली. त्याच्या नावातला सुरुवातीचा भाग तिला पेलला नाही, म्हणून तो तिच्यापुरता सोमा झाला. ती मध्येच रडली. तो मान हलवत राहिला. बुधवारी आणि गुरुवारी तिनं त्याला दूध-भाकरी खाऊ घातली. 'एक आजी, मन खुलं', असं त्यानं पास्टरांना कळवलंही होतं.

"ऐक," पंचशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी वहीची तीन पानं एकमेकांशी जुळवून घेतली होती. "तिचा लेक, संगमेश, पाच वर्षांमागं तुमच्या बाजूला गेला होता. डोंगरात, रस्त्याच्या कामावर, पोकलेन चालवायला. दरड कोसळली. मुकादमाचा फोन आला, तिकडंच उरकलं म्हणून. तेवढंच."

"उरकलं म्हणजे?"

"काम संपवणं. जेवणं उरकतात, भांडी उरकतात." बाईंनी पुढचं पान उलटलं. "ती लिंगायत आहे. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. मुकादमानं काय केलं ते सांगितलंच नाही. तिनं तुला विचारलंय, 'माज्या संगमेसला पुरलं न्हवं? नीट पुरलं न्हवं?'"

मालसोमानं वहीकडे पाहिलं. अक्षर त्याचंच होतं, वळणदार, रेघेला धरून.

"आणि हे गुरुवारचं. 'आयतवारी स्वामीला बोलावलंय.' म्हणजे या रविवारी, अंत्यविधीसाठी. पाच वर्षं त्या बाईनं कार्य होऊ दिलं नसेल. आता तुझ्या शब्दावर करायला निघालीय."

"मी खोटं बोललो?"

"कळल्याशिवाय बोललास."

रविवारच्या साक्षीचा कागद त्या शनिवारी उघडलाच नाही. सकाळभर तो दोनच वाक्यं घोकत होता. तुमचं बोलणं मला कळलं नव्हतं. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही. बाईंनी 'मुलाला' खोडून 'लेकाला' केलं. निघताना त्यानं विचारलं, "बाई, साक्ष म्हणजे नेमकं काय?"

"जे स्वतः पाहिलं, तेवढंच सांगणं," बाई म्हणाल्या आणि वही मिटून त्याच्या हातात दिली.

दुपारी काळीपिवळी जीपमधून उतरून तो थेट तिच्या दारात गेला. केवळाबाई अंगणात तूर पाखडत होती. तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं दोन्ही वाक्यं म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही.

सूप चालूच राहिलं. फोलपट उडून त्याच्या बुटांवर आलं.

"मग कुनाला ठावं हाय?" ती म्हणाली.

"माहीत नाही."

त्याची वाक्यं संपली होती. आता निघावं की थांबावं, ते कळेना. तेवढ्यात तिनं मान वर न करता काहीतरी विचारलं. सवयीनं ओठांवर 'हाव' आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"पुन्हा सांगा. हळू."

"तुमच्याकडं मेल्याल्या मानसाचं काय करत्यात?"

"तुमचा लेक होता ते गाव मला माहीत नाही. फक्त माझं गाव माहीत."

"तुजंच सांग."

"पुरतात." तो शब्द शोधत खाली बसला. "आम्ही पोरं खड्डा खणतो. मी चार वेळा खणला. सगळं गाव रात्रभर बसतं. गाणी म्हणतं."

"परका आसला तर?"

"एकदा होता. बाहेरचा. ट्रकवाला. नाव कुणाला माहीत नाही." त्यानं हातानंच गर्दी दाखवली. "तेव्हा जास्त लोक आले. त्याचं घर तिथं नाही, म्हणून."

केवळाबाईनं सूप खाली ठेवलं. मालसोमाला वाटलं, आपण पुन्हा भलतंच काही बोलून बसलो की काय?

"पण तो तुमचा लेक नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "ट्रकवाला. दुसरा माणूस. तुमचा लेक नाही."

"कळालं रे," केवळाबाई म्हणाली. "मराठी कळतंय मला."

तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला, तळवा उघडून पाहिला, बोटांच्या मुळाशी अंगठा फिरवला. मग सोडून दिला.

"उद्या सकाळी ये. खड्डा तू खण."

उद्या दहा वाजता लातूरला माझी साक्ष आहे, एवढं सांगण्यापुरतं मराठी त्याच्याकडे होतं. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

संध्याकाळी त्यानं पास्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते दुसऱ्यांचं कार्य आहे, आपलं काम वेगळं, दहाच्या आत पोहोच, असं म्हणाले. त्यांचंही बरोबरच वाटलं. फोन ठेवल्यावर तो प्रार्थनेला बसला, पण काय मागायचं ते आठवेना. मिझो भाषेतूनही नाही.

रविवारी सकाळी तो केवळाबाईच्या शेताच्या बांधाला खणत होता. सदरा खराब होऊ नये म्हणून काढून लिंबाच्या फांदीला अडकवला होता. त्याच्या खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. केवळाबाईचा दीर बसलिंगप्पा एकदा फांदीकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. माती वरून टणक होती, खाली ओल लागली. केवळाबाई कडेला उभी होती. तिच्या हातात संगमेशचा इस्त्री केलेला आभाळी शर्ट होता.

"बास झालं," भस्माचं ताट घेऊन उभे असलेले स्वामी म्हणाले. "कापडच ठिवायचं हाय. हातभर लई झालं."

मालसोमानं टिकाव थांबवला. स्वामींनी शर्टासाठी हात पुढे केला. केवळाबाईनं तो दिला नाही.

"सोमा," ती म्हणाली, "तुमच्याकडं केवढा घेत्यात?"

तो खड्ड्यात उभा राहिला. घाम पुसला आणि तळवा आडवा करून छातीला लावला.

"मग तेवढाच घे."